सभागृहाच्या पाटीसाठी लॅटिन वचन : आत्मिक स्वातंत्र्य सांगणारं कोणतं घ्यावं?

पाटी_समिती
नमस्कार मंडळी. वसईकडच्या एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) नव्या सभागृहाच्या दारावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी बसवायची आहे, चार फूट बाय दीड फूट. ख्रिस्तामध्ये मिळणारं आत्मिक स्वातंत्र्य सांगणारं लॅटिन वचन वर आणि मराठी खाली, असं ठरलंय. तीन वचनं पुढे आली आहेत :
'वेरितास लिबेराबित वोस', म्हणजे सत्य तुम्हाला मुक्त करील (योहान ८:३२),
'उबी स्पिरितुस दोमिनी, इबी लिबेर्तास', म्हणजे जिथे प्रभूचा आत्मा, तिथे स्वातंत्र्य (२ करिंथ ३:१७),
'इन नेचेसारीइस उनितास, इन दुबीइस लिबेर्तास, इन ऑम्निबुस कारितास', म्हणजे आवश्यक गोष्टींत एकता, शंकेच्या गोष्टींत स्वातंत्र्य, सगळ्यांत प्रीती. या तिसऱ्याखाली 'संत ऑगस्टीन' असं कोरायचा विचार आहे.
अर्थाच्या आणि अक्षरांच्या बाबतीत कुठे फसू शकतं? कोरण्याचं काम सुरू व्हायच्या आत कळलं तर बरं.

जुनी_पोथी
सगळ्यात आधी ऑगस्टीनचं नाव काढा. हे वचन त्यांच्या लिखाणात नाही. स्प्लिटचे आर्चबिशप मार्कांतोनियो दे दोमिनिस यांच्या १६१७ साली लंडनमध्ये छापलेल्या ग्रंथात ते जवळजवळ याच रूपात सापडतं, आणि पुढच्या दशकात रुपर्टुस मेल्डेनियुस या टोपणनावाने लिहिणाऱ्या जर्मन लुथरन धर्मपंडिताकडे. मेल्डेनियुसकडे ती युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं असताना, भांडणाऱ्या पंथांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं म्हणून केलेली कळकळीची विनवणी होती. तुम्ही दिलेलं 'दुबीइस'वालं रूप पोप तेविसावे जॉन यांच्या १९५९ च्या परिपत्रकात आहे आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या 'गौदियुम एत स्पेस' या दस्तऐवजातही. वचन मोलाचंच आहे, पण त्यातली 'लिबेर्तास' म्हणजे मतभेदाची मुभा. पापातून सुटका हा विषय तिथे नाही. तुमच्या हेतूला ते लागू पडत नाही.

'वेरितास लिबेराबित वोस' जगभरच्या विद्यापीठांनी घेतलंय, त्यामुळे वाचणाऱ्याला ते 'शिका आणि मोकळे व्हा' असं वाटतं. शुभवर्तमानात त्याच्या आधी अट आहे : 'माझ्या वचनात राहिलात तर' (८:३१). ऐकणारे चिडून म्हणतात, आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कधीच कोणाचे गुलाम नव्हतो. त्यावर येशूचं उत्तर : जो पाप करतो तो पापाचा गुलाम (८:३४). ही मागची-पुढची वाक्यं गळाली की वचनातला ख्रिस्तच गळतो. म्हणून ते घेतलंत तर संदर्भ ८:३१-३४ असा कोरा.

एक धोका खास या वचनाचा. 'लिबेराबित'मध्ये 'बी' आहे. तिथे 'व्ही' पडला की 'मुक्त करील'चं 'मुक्त केलं' होतं. गलतीकरांस पत्रात 'व्ही'वालंच रूप बरोबर आहे ('ख्रिस्ताने आपल्याला मुक्त केलं'), त्यामुळे इंटरनेटवर दोन्ही दिसतात आणि सरमिसळ होते. शब्दांचा क्रमही तपासा. वुल्गातात, म्हणजे चर्चच्या प्रमाण लॅटिन बायबलमध्ये, 'लिबेराबित वोस' आहे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या बोधवाक्यात 'वोस लिबेराबित'. व्याकरणाने दोन्ही चालतात, पण बायबलचा संदर्भ देणार असाल तर पहिलंच हवं.

रोमचा_वाचक
वचन निवडायच्या आधी करिंथकरांस पत्रं लिहिणारा प्रेषित पौल कोणत्या लोकांना लिहीत होता ते बघा. करिंथ शहर ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये रोमी वसाहत म्हणून पुन्हा वसवलं, आणि तिथे आलेल्यांत मुक्त केलेले गुलाम पुष्कळ होते. रोमी कायद्यात सुटलेला गुलाम 'लिबेर्तुस' म्हणवला जायचा. तो नागरिक व्हायचा, जुन्या धन्याचं कुळनाव लावायचा आणि त्याच धन्याला मान व ठरलेली सेवा देणं लागायचा. पौल १ करिंथ ७:२२ मध्ये लिहितो : प्रभूत बोलावलेला गुलाम हा प्रभूचा मुक्त केलेला माणूस, आणि बोलावलेला स्वतंत्र माणूस हा ख्रिस्ताचा दास. करिंथकरांना हे अर्ध्या वाक्यात कळलं असणार. सुटका झाली म्हणजे माणूस बेवारशी झाला असं नव्हे, आता त्याने नाव कोणाचं लावायचं ते ठरलं.

हे सगळं चार शब्दांत हवं असेल तर 'सेर्विरे देओ रेन्यारे एस्त', म्हणजे देवाची सेवा करणं हेच राज्य करणं. जुन्या रोमी मिस्साग्रंथात शांततेसाठी जी प्रार्थना आहे, तिच्यातल्या 'कुइ सेर्विरे रेन्यारे एस्त' या शब्दांवरून ते आलंय. १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात याच जागी 'ज्याची सेवा म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य' या अर्थाचे शब्द आले.

सेवक_५१३
वरचं वचन सुंदर आहे, पण लग्नाच्या जेवणाला आलेला पाहुणा 'राज्य करणं' वाचून काय समजेल? मला गलती ५:१३ जास्त योग्य वाटतं, कारण बोलावणं आणि जबाबदारी दोन्ही एकाच वचनात आहेत :
'इन लिबेर्तातेम वोकाती एस्तिस / पेर कारितातेम सेर्विते इन्विचेम'
तुम्हाला स्वातंत्र्यासाठी बोलावलंय, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. मधला 'स्वातंत्र्य देहवासनेला निमित्त करू नका' हा भाग जागेअभावी सुटतो, म्हणून दोन ओळी वेगळ्या ठेवा आणि संदर्भ द्याच. दुसरी ओळ १९७९ च्या नोवा वुल्गाता या सुधारित लॅटिन बायबलप्रमाणे आहे. वुल्गाताच्या जुन्या, क्लेमेंतीन नावाच्या पाठात 'कारितातेम'नंतर 'स्पिरितुस' हा शब्द आहे. दोन पाठ मिसळू नका.

धर्मसुधारक मार्टिन लुथरनेही १५२० च्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावरच्या पुस्तिकेत हीच जोडी मांडली : ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा स्वतंत्र धनी, आणि तोच सगळ्यांचा सेवक. म्हणजे इतर मंडळ्यांच्या पाहुण्यांनाही ही पाटी आपली वाटेल.

छिन्नी
मापाचं बघू. चार फुटांतून दोन्ही बाजूंचा समास सोडून साधारण १०० सेंमी उरतात. रोमन कॅपिटल अक्षर फटीसकट उंचीच्या जवळपास ०.९५ पट जागा खातं. 'वेरितास लिबेराबित वोस' १९ अक्षरं आणि २ मोकळ्या जागा, म्हणजे ५ सेंमी उंचीत एका ओळीत जेमतेम बसतं. गलतीच्या ओळी मोकळ्या जागा धरून २६ आणि २९. उंची साडेतीन सेंमी ठेवा, तीन-चार मीटरवरून आरामात वाचता येतं, आणि मराठीला अर्धी पाटी उरते.

गलतीच्या वचनात 'यू' हे अक्षर एकदाही नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीने त्याऐवजी 'व्ही' कोरायचा का, हा वादच येत नाही. 'उबी स्पिरितुस' घेतलंत तर तो ठरवावा लागेल, आणि अर्धं असं अर्धं तसं झालं की पाटी कायमची चुकीची. स्वराघाताच्या खुणा कोरू नका, त्या फक्त पुस्तकात असतात.

कोरण्याआधी पूर्ण मापाचा कागद छापून दगडावर चिकटवा आणि दोघांनी तपासा. एकाने छापील बायबलमधून एकेक अक्षर उच्चारायचं, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवायचं, तेही शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे. सरळ वाचताना डोळा ओळखीचा शब्द पुरा करून टाकतो. मराठी ओळही अशीच तपासा, विशेषतः रफार.