गजकर्णाचं संशोधन आपल्या दारातलं आहे

त्वचारोगांवरचं नवं संशोधन सगळं महागड्या इंजेक्शनांभोवती फिरतं, असं अनेकांना वाटतं. ते बरंचसं खरं आहे. एक्झिमावरचं (इसबावरचं) ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत प्रौढांसाठी २०१७ ला मंजूर झालं आणि सहा महिन्यांच्या बाळांपर्यंत पोचायला २०२२ उजाडलं. आधी मोठ्यांवर चाचण्या, मग मुलांवर, हा क्रम जुनाच. वाट मात्र खाजवून रात्रभर रडणाऱ्या लेकरानं पाहायची.

पण संशोधनाचा दुसरा प्रवाह आपल्या भागाशी जोडलेला आहे: गजकर्ण, म्हणजेच नायटा. गेल्या दहा वर्षांत भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी यावर भरपूर लिहिलंय. गजकर्ण करणाऱ्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीचं नावच २०२० मधलं. तिच्यातल्या एका जनुकात ठरावीक बदल झाले की टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या नीट लागू पडत नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले.

मी खानापूरचा. इथल्या पावसात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. मांडीत नायटा उठला की लोक दुकानातून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणतात, दोन दिवसांत खाज थांबते, आणि आत बुरशी पसरत राहते. तीच ट्यूब आजी नातवालाही लावते! मुलांची कातडी नाजूक, स्टिरॉइड जास्त मुरतं. घरात एकाला झालं तर सगळ्यांना तपासायला हवं, टॉवेल वेगळे हवेत.

अशी ट्यूब वापरत असाल, तर ती डॉक्टरांना नेऊन दाखवा. नुसतं 'मलम लावलं' म्हणू नका.