गच्चीवरच्या बागेत एका वेळी मूठभरच भाजी निघते. तिच्यावर रोजचा स्वयंपाक कसा बसवावा?

अंगणवेल (कोथरूड)

नमस्कार. कोथरूडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर सोसायटीच्या परवानगीने मी गेली तीन वर्षे भाजीपाला लावते आहे. वीस-वीस लिटर मातीच्या बावीस पिशव्या, दोन जुने ड्रम आडवे कापून केलेले चार वाफे आणि दोडका-पडवळासाठी तारेचा एक मांडव, एवढाच पसारा आहे. बाग आता बऱ्यापैकी हाताला आली आहे. अडचण आहे ती स्वयंपाकघरात.

आज सकाळची तोडणी सांगते, म्हणजे प्रश्न लक्षात येईल. सात भेंड्या, दोन वांगी, लाल माठाची एक मूठ, मायाळूची दहा-बारा पाने, चवळीच्या नऊ शेंगा, आणि दोडके मात्र तब्बल अकरा. घरात आम्ही चार माणसे आहोत. सात भेंड्यांची भाजी चौघांना पुरत नाही, आणि आणखी भेंड्या येईपर्यंत थांबावे तर पहिल्या भेंड्या फ्रीजमध्ये काळवंडतात. शेवटी मी बाजारातून अर्धा किलो भेंडी आणते आणि घरची तिच्यात मिसळते. मग जिच्यासाठी रोज सकाळी तीन मजले चढून पाणी घालते, ती घरची भेंडी पानात कोणती हे कोणालाच कळत नाही. याचे मला खरोखर वाईट वाटते. पाककृती सगळीकडे मिळतात, पण त्या पाव किलो, अर्धा किलो असे माप धरून लिहिलेल्या असतात. मला मूठभर भाजीचा स्वयंपाक शिकायचा आहे.

दुसरी गोष्ट अळूची. ओळखीच्या एका घरून कंद आणून लावले होते, त्याची पाने यंदा चांगली मोठी झाली. मागच्या आठवड्यात वड्या केल्या आणि सगळ्यांच्या घशाला खाज सुटली. तेव्हापासून मुले अळूचे नाव काढू देत नाहीत. पान फिकट हिरवे आहे आणि देठही हिरवाच आहे. यात चूक अळूची की माझी?

गणपती झाल्यावर हिवाळी लागवड सुरू करायची आहे. काय लावावे आणि किती लावावे, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

पाटावरवंटा (सदाशिव पेठ)

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण आपल्याकडचा कितीतरी जुना स्वयंपाक याच अडचणीतून जन्मला असावा असे मला नेहमी वाटत आले आहे. आमच्या वाड्यात न्हाणीचे पाणी जिथे वाहत जाई तिथे अळू, कर्दळ आणि दोन केळी होत्या, भिंतीवर मायाळू चढलेला होता आणि परसात लाल भोपळ्याचा वेल पसरलेला असे. आई सकाळी सूप घेऊन मागच्या दारी जायची आणि सुपात जे येई त्यावरून ओट्यापाशी काय शिजायचे ते ठरायचे. ‘आज अमुक भाजी करायची’ असे आदल्या रात्री ठरवणे तिला ठाऊक नव्हते. तुम्हीही उलटा क्रम धरलात तर निम्मी अडचण सुटेल असे वाटते: आधी तोडणी, मग बेत.

मूठभर भाजीला कशाचा तरी आधार लागतो, आणि आपल्याकडे तीन आधार घरात नेहमीच असतात: डाळ, पीठ आणि ताक. लाल माठाची एक मूठ वाटीभर भिजवलेल्या मुगाच्या डाळीत लसणाच्या फोडणीवर परतली की चौघांची भाजी होते, आणि चव माठाचीच राहते. सात भेंड्या तिरक्या चिरून तेलावर चांगल्या परतून घ्या आणि बेसन लावलेल्या ताकाच्या कढीत सोडा. प्रत्येकाच्या वाटीत चार-पाच तुकडे येतील आणि ते घरचे आहेत हे सर्वांना कळेल. मायाळूच्या अख्ख्या पानांची भजी करा, किंवा ती चिरून ताकातली पातळ भाजी करा. दोन वांगी भाजून, कांदा आणि दही घालून भरीत होईल. चवळीच्या नऊ शेंगा आमटीत जातील. कोणतीही उरलेली पालेभाजी बारीक चिरून भाजणीच्या थालीपिठात घालता येते, फक्त पीठ भिजवताना पाणी जपून घाला, कारण मीठ लागले की पाला आपले पाणी सोडतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मूठ-मूठ भाज्या एकत्र करून शिजवण्याचा सर्वांत सुंदर पदार्थ आपल्याकडे आधीपासून आहे आणि त्याचा दिवस आता जवळ आला आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीची, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीची ऋषीची भाजी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, माणसाने हाताने उगवलेले तेवढेच खायचे, असा नेम असतो. म्हणून तांदूळ-गव्हाऐवजी वरी आणि नांगरटीच्या भाज्यांऐवजी परसातल्या भाज्या. तुमच्या गच्चीवर बैल कधीच गेलेला नाही. तिथली प्रत्येक शेंग या भाजीत चालते.

आमच्या घरी ती अशी होते. अळूची पाने आणि सोललेले देठ, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, माठाचे जाड देठ, सुरण, मक्याच्या कणसाचे दोन बोटे जाडीचे तुकडे आणि ओले शेंगदाणे, असे सगळे मिळेल तितके घ्यायचे. प्रमाणाचा आग्रह नाही. सुरणाच्या फोडी आधी चिंचेच्या पाण्यात ठेवायच्या. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या पाण्यात मका, दाणे आणि सुरण आधी शिजायला लावायचे, ते अर्धे शिजले की माठाचे देठ आणि अळू, त्यानंतर भोपळा, पडवळ, दोडका, आणि भेंडी अगदी शेवटी. वरून पाणी जवळजवळ घालावे लागत नाही, कारण पडवळ आणि दोडका भरपूर पाणी सोडतात. मीठ, हिरवी मिरची, चिंचेचा कोळ आणि मूठभर ओले खोबरे. मसाला नाही, तेल नाही; काही घरी शेवटी चमचाभर साजूक तूप घालतात. माठाचे देठ मात्र सोलून दोन इंचांचे ठेवा, बारीक चिरू नका. ते तोंडात धरून आतला गर चोखून खायचा असतो, आणि या भाजीतला सर्वांत गोड घास तोच असतो.

शेवगा (धायरी)

मी शेतीचे शिक्षण घेतले आहे, म्हणून अळूपुरते लिहितो.

अळूच्या पाना-देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ते घशाच्या नाजूक त्वचेला टोचतात आणि खाज सुटते. या सुया पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे पाने कितीही धुतली तरी उपयोग होत नाही. आंबट घालणे आणि भरपूर शिजवणे हे आपले जुने दोन उपाय आहेत, आणि दोन्ही करायला हवेत, एकावर भागत नाही. आपण वड्यांना चिंच किती लावली होती आणि किती वेळ वाफवल्या होत्या, ते लिहिलेले नाही. माझा अंदाज आहे की दोन्हींत काटकसर झाली असावी.

आपल्या वर्णनावरून हा भाजीचा अळू दिसतो. वडीचा अळू वेगळा. त्याचा देठ काळपट जांभळा आणि पान जाड, गडद असते. तो सहसा कमी खाजरा असतो आणि गुंडाळताना फाटत नाही. भाजीच्या अळूचे फदफदे करावे. पाने चिरण्याआधी हातांना तेल किंवा चिंचेचे पाणी लावा, देठांची साल ओढून काढा, आणि पाने-देठ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे कुकरमध्ये मऊ शिजवून घ्या. डाळ-दाणे वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे पाने एकटी घोटता येतात. घोटताना थोडे बेसन लावा. मग मेथीदाणे आणि हिंगाची फोडणी, मुळ्याच्या चकत्या, ओल्या खोबऱ्याचे काप, चिंच, गूळ, गोडा मसाला, आणि पुन्हा दहा मिनिटे उकळू द्या. एका पिशवीत आंबट चुका लावलात तर फारच उत्तम. अळू आणि चुका यांची जोडी आपल्याकडे उगाच जमलेली नाही.

वड्याच करायच्या असतील तर कोवळी पाने घ्या, बेसनाच्या पिठात चिंचेचा दाट कोळ सढळ हाताने घाला, आणि वळकट्या मोठ्या आचेवर किमान वीस-पंचवीस मिनिटे वाफवा. तळण्याच्या आधी एक चकती स्वतः खाऊन पाहा. मुलांच्या पानात ती त्यानंतरच जावी.

दोन इशारे देणे आवश्यक वाटते. शोभेच्या कुंड्यांत अळूसारख्या पानांची बरीच झाडे असतात. ती खाण्याची नाहीत, आणि गच्चीवर दोन्ही शेजारी ठेवू नयेत. तसेच ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी अळू आणि पालक किती खावा, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

भाकरतुकडा (नारायण पेठ)

अकरा दोडक्यांविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून थोडक्यात. नख सहज रुतते तेच दोडके भाजीसाठी ठेवा. निबर झालेला एखादा वेलावरच वाळू द्या, पुढच्या वर्षीचे बी होईल. शिरा काढाल त्या टाकू नका. बारीक चिरून तेलात कुरकुरीत होईपर्यंत परता आणि तीळ, सुके खोबरे, लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात भरड कुटा. बाजारच्या दोडक्याची चटणी आणि घरच्या दोडक्याची चटणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण घरच्या सालीवर फवारणी नसते. दोडका चिरण्यापूर्वी देठाकडची चकती जिभेला लावून पाहायची सवय ठेवा. कडू लागला तर तो दोडका मसाला घालून निभावून नेऊ नका, सरळ फेकून द्या. काकडी, दुधी, दोडका या सर्वांतला कडूपणा पोटाला अपायकारक असतो.

रब्बी (औंध)

पाटावरवंटा यांनी लिहिलेले सगळे मान्य आहे, पण लागवडीच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. मूठभर भाजी निघते यात निम्मा दोष आपण लावण्याच्या पद्धतीचा असतो. एकेका पिशवीत एकेक प्रकार लावण्याची आपल्याला हौस असते. पण भेंडीची दोन झाडे कोणत्याही घराला पुरणार नाहीत. चौघांच्या घराला आठ-दहा झाडे हवीत, आणि तेवढी जागा नसेल तर भेंडीच सोडून द्यावी. मी औंधच्या गच्चीवर हे तिसऱ्या वर्षी मान्य केले, आणि प्रकार निम्मे केल्यावर स्वयंपाकघरातली ओढाताण संपली.

हिवाळ्याचे म्हणाल तर भोगीपासून मागे मोजत या. भोगी म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. त्या दिवशीच्या भाजीला वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटा, ओले शेंगदाणे आणि तिळाचे कूट लागते, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. गाजराला सुमारे तीन महिने लागतात, हिरव्या हरभऱ्यालाही जवळपास तेवढेच. म्हणजे दोन्हींचे बी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मातीत गेले पाहिजे. वाल-पावट्याच्या जुन्या देशी जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात नुसता पाला वाढताना दिसला तर वेल उपटू नका, दिवाळीच्या सुमारास तो फुलांनी लगडेल. गाजर रोपे करून लावू नका, मुळे वाकडी होतात. जागेवरच पेरा आणि विरळणी करा. विरळणीत निघालेला कोवळा पाला कोशिंबिरीत जातो.

मेथी, पालक, कोथिंबीर यांचे बी पुण्यातला पाऊस पुरता थांबल्याशिवाय घालू नका, कुजते. धने लाटण्याखाली हलकेच रगडून दोन फाकी करून पेरावेत. आणि सगळ्या पिशव्या एकाच दिवशी पेरू नका. दर दहा दिवसांनी एक पिशवी मेथी पेरली तर महिन्याभराने दर दहा दिवसांनी एक भाजी पक्की मिळते; एकाच दिवशी पेरलीत तर एका आठवड्यात वाटावी लागेल आणि पुढचे तीन आठवडे विकत आणावी लागेल.

अंगणवेल (कोथरूड)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

शेवगा यांचा अंदाज बरोबर होता. मी वड्यांना लिंबाएवढी चिंच लावायच्या ऐवजी अर्धे लिंबू पिळले होते आणि दहा-बारा मिनिटांत गॅस बंद केला होता. या वेळी फदफदे केले, कुकरला पाच शिट्ट्या दिल्या आणि चिंच सढळ घातली. खाज अजिबात आली नाही. धाकट्याने दुसऱ्यांदा मागून घेतले. चुक्याचे बी आणून ठेवले आहे.

भेंडीची कढी आता आठवड्यातून एकदा होते. रब्बी यांचे म्हणणे मात्र मी अर्धेच ऐकणार आहे. मेथी टप्प्याटप्प्यानेच पेरीन आणि भोगीचे गणित कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे, पण प्रकार निम्मे करायला मन घेत नाही, आणि त्याचे कारण ऋषीपंचमीचा दिवस. त्या दिवशी पातेल्यात अकरा प्रकार पडले, त्यांतले आठ आमच्या गच्चीवरचे होते. भोपळा, सुरण आणि ओले दाणे तेवढे मंडईतून आणले. पडवळ एकच होते, भेंड्या पाच, चवळीच्या शेंगा सहा, मक्याचे कणीस एक आणि तेही अर्धवट भरलेले. इतर कोणत्याही दिवशी त्यांतल्या एकाचाही पदार्थ झाला नसता. तेल-मसाला काहीच नसल्यामुळे पडवळाची, दोडक्याची आणि अळूची चव वेगवेगळी ओळखू येत होती.

माठाचे देठ सांगितले तसे सोलून मोठेच ठेवले होते. सासूबाईंनी आधी पानातले सगळे देठ बाजूला काढले, तेव्हा मला वाटले की त्यांना ते चावत नसतील. वरीचा भात संपल्यावर त्यांनी एकेक देठ उचलून सावकाश चोखून खाल्ला, आणि मग पातेल्यात आणखी आहेत का, असे विचारले.