मालातांगमध्ये शाकाहारी रस्सा कसा मागायचा? मदत हवी आहे

शांघायला येऊन दोन महिने झाले, काल ऑफिसातल्या पोरांबरोबर पहिल्यांदा मालातांग खाल्लं. फ्रीजमधून चिमट्याने आपणच कमळकाकडी, मशरूम, टोफू, नूडल्स भांड्यात भरायचे, काउंटरवर वजनावर पैसे, मग ते रश्श्यात उकळून देतात. मी हावरटासारखं एवढं भरलं की बिल बघून गप्पच. 'वेइ ला' म्हणजे कमी तिखट सांगूनही जीभ बधिर, अगदी आपलं तिरफळ चावल्यासारखी!

आता प्रॉब्लेम असा की पुढच्या महिन्यात आई येतेय, पक्की शाकाहारी, आणि रस्सा बऱ्याच ठिकाणी हाडांचा असतो म्हणे. टोमॅटोचा घेतला तरी खाली तेच पाणी का? नुसत्या पाण्यात उकळून देतात का कुणी? चिनीत नेमकं काय सांगू?