शेजारच्या भूतानी आजोबांची सिटिझनशिप अडकलीये, आणि आपण मदत नक्की कुठपर्यंत करायची?

सातारी_कंदी
नमस्कार मंडळी. अमेरिकेत ओहायोमधल्या कोलंबसजवळ रेनॉल्ड्सबर्गला राहतो, तीन वर्षं झाली. आमच्या अपार्टमेंटमध्ये निम्मी घरं भूतानी-नेपाळी लोकांची आहेत. सुरुवातीला मला वाटलं नेपाळचेच असतील, मग कळलं की हे दक्षिण भूतानचे नेपाळी बोलणारे लोक. १९९० च्या आसपास भूतानने लाखभर लोकांना हाकललं, मग वीसेक वर्षं नेपाळात झापा-मोरंगच्या छावण्यांमध्ये बांबूच्या झोपड्यांत काढली आणि २००८ पासून अमेरिकेने वगैरे घ्यायला सुरुवात केली.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, सगळे त्यांना बाजे म्हणतात म्हणून मी पण बाजेच म्हणतो. कागदावर वय ७८. कागदावर म्हणतोय कारण जन्मतारीख १ जानेवारी, आणि आमच्या मजल्यावर १ जानेवारीवाले अजून सात जण आहेत, छावणीत नोंद करताना ज्याला तारीख माहीत नाही त्याला १ जानेवारी. मे २०११ मध्ये आले. सिटिझनशिपच्या टेस्टमध्ये दोन वेळा अर्ज करून दोन्ही वेळा नापास. ऑफिसरने इंग्रजीत एक वाक्य सांगितलं आणि लिहा म्हणाली, तर हातच चालेना असं म्हणतात. सिटिझन नाही म्हणून म्हाताऱ्यांना मिळणारे एसएसआयचे पैसे सात वर्षांनी म्हणजे २०१८ ला बंद झाले, तेव्हापासून घर नातवाच्या वेअरहाऊसच्या नाइट शिफ्टवर चाललंय.

मी काय केलं, तर दर शनिवारी दोन तास इंग्रजी शिकवायला बसलो. फ्लॅशकार्ड केली, यूट्यूब लावून दिलं, नातवाच्या फोनवर ॲप टाकलं. सहा महिन्यांत प्रगती शून्य. वर आता त्यांचा मेडिकेडचा (सरकारी आरोग्य विम्याचा) फोन मीच करतो, बँकेचं पत्र मीच वाचतो, परवा तर बाथरूमचा नळ गळतो म्हणून ऑफिसला पण मीच गेलो. बायको म्हणते तू त्यांना मदत करत नाहीयेस, तू त्यांचा क्लार्क झालायस. माझे दोन प्रश्न: टेस्टचं काही होऊ शकतं का, आणि कुणी असं काम केलं असेल तर हात कधी आखडता घ्यायचा?

काकू_पिट्सबर्ग
बायकोचं ऐक 🙂 आणि आधी टेस्टचं, कारण ते सोपं आहे. त्यांच्या ग्रीन कार्डवर "रेसिडंट सिन्स" म्हणून एक तारीख असते ती बघ. रेफ्युजींच्या बाबतीत ती तारीख मागे नेऊन देशात आल्याच्या दिवसाची धरतात. मे २०११ असेल तर यंदा मे मध्ये १५ वर्षं पूर्ण. वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्ड १५ वर्षं असेल तर इंग्रजी माफ!! नागरिकशास्त्राचे प्रश्न त्यांच्या भाषेत, म्हणजे नेपाळीत विचारतात, इंटरप्रिटर आपला आपण न्यायचा. पण १५ वर्षं अर्ज भरायच्या दिवशी पूर्ण झालेली लागतात म्हणून घाई करून एक दिवस आधी भरू नका, मी अशी एक केस वाया गेलेली बघितलीये, फॉर्म भरून देणाऱ्याने नुसतं वय बघितलं आणि तारीख बघितलीच नाही. प्रश्न आता जास्त आहेत, ऑक्टोबर २०२५ पासून १२८ ची यादी झाली, त्यातले २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. फी माफीचा वेगळा फॉर्म आहे, आय-९१२, तो पण बघ. डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर सूट मिळते ती एन-६४८, पण त्याला खरा आजार लागतो, नुसतं म्हातारपण किंवा शाळा न शिकणं हे कारण चालत नाही.

आणि घरात कुणालाही कधीही पोलिसांनी पकडलं असेल, अगदी जुनं दारू पिऊन गाडी चालवल्याचं असलं तरी, त्या माणसाचा फॉर्म भरण्याआधी वकील. मार्च २०२५ पासून इथल्या काही भूतानी लोकांना जुन्या गुन्ह्यांवरून उचलून भूतानला पाठवलं, भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर नेऊन सोडलं आणि तिथून ते परत नेपाळात, जिथून निघाले होते तिथेच. इकडे कॅरिक-ब्रेंटवूड भागात त्यानंतर कित्येक दिवस लोक दुकानात जायला पण घाबरत होते.

आता दुसरा प्रश्न. मी २००९ पासून हे करतेय. विमानतळावर घ्यायला जायचो तेव्हा प्रत्येक कुटुंबाच्या हातात ती आयओएमची (रेफ्युजींचा प्रवास जमवून देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) पांढरी प्लास्टिकची पिशवी असायची, सगळे कागद त्यात, छातीशी धरलेली. आणि विमानाचं तिकीट फुकट नसतं बरं का, बिनव्याजी कर्ज असतं, इथे आल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू. इथे बस्तान बसवून देणाऱ्या एजन्सीचे पैसे जेमतेम पहिल्या नव्वद दिवसांचे. त्या नव्वद दिवसांत घर, सोशल सिक्युरिटी, मुलांची शाळा, डॉक्टर, आणि मिळेल ती नोकरी. माणूस कामाला लागला की फाइल बंद, सगळ्यांच्या मते तो "सेटल" झाला. म्हातारा माणूस कामाला लागतच नाही, त्यामुळे तो कुणाच्याच हिशोबात नसतो.

मी पहिल्या वर्षी अगदी तुझ्यासारखीच. एका घरात गॅसची बटणं कळेनात म्हणून निळी पेंटर टेप लावून त्यावर देवनागरीत लिहिलं, "बंद", "सानो" (लहान), "ठूलो" (मोठा), त्यांच्याच सुनेला विचारून. आपली लिपी एकच आहे हा केवढा फायदा, आपल्याला सुचतच नाही, आपण लगेच ए बी सी डी काढतो. तर टेप लावली आणि मग मी रोज फोन करून विचारायचे बटण बंद केलं का. एक दिवस त्या घरातली आजी हसत सुनेला काहीतरी म्हणाली, सून सांगेना, मग सांगितलं, "ह्या बाईला घरी कुणी नाही का."

तेव्हापासून एक नियम: फोन मी करत नाही, मी शेजारी बसते आणि ते करतात. "नेपाली इंटरप्रिटर प्लीज" एवढे तीन शब्द पाठ करून घ्यायचे. हॉस्पिटलने इंटरप्रिटर फुकट द्यायचा असतो, मागायला लागतो फक्त. आणि नातवंडांना दुभाषी करू नका. दहा वर्षांची मुलगी आजीच्या पाळीच्या तक्रारी डॉक्टरला इंग्रजीत सांगतेय हे मी बघितलंय, दोघींनी मान खाली घातलेली. बसचं पण तसंच, पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बसमधून जायचं, दुसऱ्यांदा आपण आपल्या गाडीतून बसच्या मागे मागे. बसच्या मागे गाडी चालवणं म्हणजे शिक्षा आहे पण करायची.

रांगेतला_माणूस
कुणाला वाईट वाटेल पण लिहितो. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतला नंबर, २०१४ ची आहे. टॅक्स भरतोय, दोन डिग्र्या, मुलगी इथे जन्मली, आणि अजून एच-वन. ह्या लोकांना एका वर्षात ग्रीन कार्ड, तरी पंधरा वर्षांत इंग्रजी येत नाही आणि त्यासाठी पण सूट. मदत करा, चांगलंच आहे, पण आपल्यासाठी कोण शनिवारचे दोन तास देतंय?

काकू_पिट्सबर्ग
@रांगेतला_माणूस तुझी रांग चुकीची आहे हे शंभर टक्के मान्य. पण ती रांग त्यांनी लावलेली नाही. तुला उद्या कंटाळा आला तर पुण्याला परत जाता येतं, कटकट असेल, पगार कमी असेल, पण जाता येतं. त्यांना परत घेणारा देशच नाही, मार्च २०२५ चं वर लिहिलंच आहे. आणि एका वर्षाने ग्रीन कार्डचा अर्ज करणं ही सवलत नाहीये, रेफ्युजींना तो करावाच लागतो. पंधरा वर्षांत इंग्रजी का नाही, तर पहिली दहा वर्षं नातवंडं सांभाळली, दुपारी दोन ते रात्री अकरा सून-मुलगा कामावर. इंग्रजी कुणाशी बोलणार, कुकरशी?

कॅम्प_चार
मी उल्हासनगरचा, आता बंगलोरला. आमच्याकडे आजही रिक्षावाला पत्ता विचारत नाही, कॅम्प नंबर विचारतो. ब्रिटिशांच्या मिलिटरी बराकी होत्या, फाळणीनंतर सिंधी लोकांना तिथे ठेवलं, १९४९ ला उल्हासनगर नाव मिळालं, पण "निर्वासित" हा शब्द आजूबाजूच्या मराठी लोकांच्या तोंडून माझ्या लहानपणापर्यंत ऐकलाय, म्हणजे आम्ही तिथेच जन्मलेली पोरं आणि आम्हीपण निर्वासितच.

लोक आमचं उदाहरण देतात की बघा सिंधी कसे उभे राहिले, धंदा केला, कुणाकडे हात पसरला नाही. खरं आहे, पण अर्धंच. आमची आजी सक्खर सोडून आली तेव्हा पस्तिशीची होती, तरी तिला शेवटपर्यंत मराठी आलं नाही, आणि तिला यायला पाहिजे असं कुणाला वाटलंही नाही कारण आख्खी बराक सिंधी बोलत होती. पापड लाटायला पाच बायका, सगळ्या सिंधमधल्या. ती आमच्यापैकी कुणापेक्षाही जास्त सेटल होती. आणि जे "मिसळलो" ते आम्ही. माझी आई सिंधी अरबी लिपीत वाचते, मला त्यातलं अक्षर कळत नाही, आजीची पत्रं ट्रंकेत पडून आहेत. मिसळण्याचे पैसे असे कुठेतरी भरावेच लागतात.

त्यामुळे @सातारी_कंदी, इंग्रजीसाठी बाजेंच्या मागे लागू नका हो. त्यांना बोलायला कोण आहे ते आधी बघा.

हॅम्बुर्गी_मिसळ
इकडे उलटी तऱ्हा. जर्मनीत ६०० तास भाषा आणि वर १०० तास देशाची माहिती असा कोर्स आहे, कागदावर एक नंबर. पण आमच्या शेजारची अलेप्पोची बाई, तिला आधी कुठल्या राज्यात राहायचं तेच कोट्याप्रमाणे ठरवून दिलं, बहीण दुसऱ्या टोकाला. कोर्स संपला, परीक्षा पास, आणि आता महिनोन्‌महिने कुणाशी जर्मन बोललीच नाही म्हणून विसरायला लागली. सर्टिफिकेट फ्रिजवर लावलंय. काकूंच्या बसवाल्या आयडियाला दंडवत, इथे ट्रामच्या मागे गाडी नेता येत नाही एवढंच.

सातारी_कंदी
सगळ्यांचे आभार, जरा उशिराने लिहितोय. कार्ड बघितलं, रेसिडंट सिन्स मे २०११ च आहे!! पंधरा वर्षांत कुणी ह्यांना हे सांगितलं नव्हतं. म्हणजे सहा महिने मी त्या माणसाला जे शिकवत होतो त्याची गरजच नव्हती. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही मी, पण घरी येऊन फ्लॅशकार्ड कचऱ्यात टाकली.

दुसरी गोष्ट आपोआप झाली. माझी आई आलीये सहा महिन्यांसाठी, ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली. तिला इथे करमत नाही, खाली फिरायला गेली आणि बाजेंच्या बायकोशी, बज्यैंशी, गट्टी जमली. एक मराठी मिश्रित हिंदी बोलते, दुसरी हिंदी मिश्रित नेपाळी. बज्यैंनी मुळ्याचा पाला उन्हात सुकवला, कुटला, बरणीत गच्च दाबून आंबवला आणि परत वाळवला, त्याला गुंद्रुक म्हणतात. आईला आंबटगोड काही चालतं पण ह्याचा वास, बाप रे. बाल्कनीच्या कठड्यावर वाळवलं म्हणून ऑफिसची नोटीस आली. ती मी वाचली नाही, फोनपण केला नाही. नातवाला म्हटलं तू जा आणि बोल, मी दारात उभा राहतो. गेला, बोलला, आता पाला खिडकीच्या आत वाळतो.

तर आईला कळलं की बाजेंना नागरिकशास्त्र पाठ करायचंय. झालं. रोज चार वाजता चहा झाला की वर्ग. तिने १२८ प्रश्न वहीत देवनागरीत लिहून काढले, नातू नेपाळी सांगतो, ती लिहिते, आणि बाजेंना देवनागरी वाचता येते हे मला सहा महिन्यांत कळलं नव्हतं!! भूतानमध्ये त्यांच्या शाळेत नेपाळी शिकवायचे, ते पुढे १९८९ ला बंद केलं. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता, तर संविधान. शब्द तोच, त्यांचापण आणि आपलापण. आई चुकलं की अजूनही "पुन्हा वाच" म्हणते, ७८ वर्षांच्या माणसाला, आणि ते वाचतात.

परवा वर्गात ते आतून एक पिशवी घेऊन आले. काकू म्हणतात तीच पांढरी पिशवी, आयओएमची. त्यात सगळ्यात खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली जमिनीच्या कराची पावती. चिरांगला त्यांची वेलदोड्याची आणि संत्र्याची बाग होती. १९८८ च्या खानेसुमारीत भूतान सरकारने १९५८ सालची पावती मागितली होती, ती असेल तर नागरिक. बाजेंच्या वडिलांची पावती १९५७ ची निघाली. एक वर्ष जुनी, म्हणजे अजून पक्की असं आपण म्हणू, पण नाही चालली. आईने पावती उलटसुलट बघितली, काही बोलली नाही, परत तशीच गुंडाळून दिली आणि पुढचा प्रश्न विचारला.

@रांगेतला_माणूस, तुमच्यासाठी खास: काल बाजेंनी मला विचारलं, तुमचा कागज कधी होणार? म्हटलं माहीत नाही, रांग आहे. किती वर्षांची? म्हटलं बहुतेक तुमच्यापेक्षा मोठी. बराच वेळ हसले, मग म्हणाले आईला सांग, तुझाही वर्ग घेईल.

आता एक शंका. त्यांचं मूळ आय-९४ (देशात आल्याच्या नोंदीचा कागद) सापडत नाहीये, पिशवीत बाकी सगळं आहे. ग्रीन कार्ड हातात असताना एन-४०० (सिटिझनशिपचा अर्ज) बरोबर ते लागतं का? आणि कोलंबसमध्ये इंटरव्ह्यूला नेपाळी इंटरप्रिटर म्हणून घरच्याऐवजी बाहेरचं कुणी मिळालं तर बरं, नातवाला मी त्या खोलीत बसवणार नाही. कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.