अनुभव धागा: शोधा-बदला, कॅपिटल-स्मॉल आणि झालेले घोळ

जुना_डीटीपीवाला
दुपारी भाची लॅपटॉपवर काहीतरी करत बसलेली. "मामा, हे मॅच केस म्हणजे काय ओ? टिक करू का नको?" एवढंच विचारलं आणि मला कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतला माडीवरचा छापखाना आठवला. मॅच केस म्हणजे शोधताना कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरायचं.

तिथं सगळं काम कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये. म्हणजे आतून सगळी इंग्रजी अक्षरं, फक्त दिसायला मराठी. स्मॉल एल म्हणजे स, कॅपिटल एल म्हणजे अर्धा स्. स्मॉल डी क, कॅपिटल डी अर्धा क्. बऱ्याच अक्षरांचं असंच. एका संगीत मंडळाची स्मरणिका होती. छपाईच्या आदल्या रात्री अध्यक्ष आले, म्हणाले, पाहुणे कलाकार उत्तरेचे आहेत, सगळीकडं 'सतार'चं 'सितार' करा. मिरज एवढी जवळ, तिथले सतारमेकर काय म्हणतील, पण गिऱ्हाईक म्हणेल ते. ऑपरेटरनं साध्या एडिटरमध्ये रिप्लेस ऑल मारलं, मॅच केसची टिक नव्हती. आता 'सतार' आणि 'विस्तार'मधलं 'स्तार' यात फरक फक्त एल लहान का मोठा एवढाच. झालं की मग! 'रागाचा विसितार', 'शाखा विसितार', शुभेच्छांच्या पानावर 'मंत्रिमंडळ विसितार'. गठ्ठे बांधून झाल्यावर कळलं.

असले किस्से असतील तर टाका.

कटवाला
मंत्रिमंडळ विसितार!!! ऑफिसात बसून एकटाच हसायलोय, सायेब बघायलेत

वर्षा_गारगोटी
मी टायपिंगच्या क्लासला शिकवते. आमच्याकडं हा त्रास रोजचा. वर्डला वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करायची सवय. कृतीदेवमध्ये पोरं 'समिती' टाइप करतात, स्पेस दिला की 'स्मिती'. 'सकाळ'ची 'स्काळ'. पोरांना वाटतं आपलीच चूक, परत खोडतात, परत तेच. ऑप्शन्समध्ये प्रूफिंग, तिथं ऑटोकरेक्ट, त्यातली ती टिक काढायची. नवीन बॅच आली की मी पहिल्या दिवशी सगळ्या मशीनवर हेच करत फिरते.

अजून एक. वर्डमध्ये मॅच केस नसेल तर सापडलेला शब्द मोठ्या अक्षरानं सुरू होतोय का बघून तो नव्या शब्दाचंही पहिलं अक्षर मोठं करतो. इंग्रजीला सोय. कृतीदेवला संकट, कारण स्मॉल एफ ऱ्हस्व वेलांटी आणि कॅपिटल एफ अर्धा थ्.

उद्यमनगरी
आमच्यात सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) प्रोग्रॅमला सगळं कॅपिटलच त्यामुळं तो ताप नाही. वेगळा ताप हाय. एक्स म्हणजे टूल कुठवर न्यायचं तो आकडा. नवीन पोरानं एक्स १० चं एक्स १२ केलं, रिप्लेस ऑल. एक्स १०५ होतं ते एक्स १२५ झालं. टूल घुसलं जॉबात. आवाज बाहेर चहाच्या गाड्यापर्यंत गेलता

कटवाला
पोराचं काय झालं भावा

उद्यमनगरी
हाय अजून. चांगला हाय पोरगा. आता एकेक बघून बदलतो

विमवाला_पुण्यातून
होल वर्डची टिक लावायची ना, म्हणजे पूर्ण शब्द जुळला तरच बदलतो.

उद्यमनगरी
लावून बघा. एक्स १०.५ असलं की पॉइंटापाशी त्याला शब्द संपला वाटतंय. परत बदलतंय. मशीनवर येऊन सांगा मग

विमवाला_पुण्यातून
बरं, माघार. विम हा एडिटर वापरणाऱ्यांसाठी: इग्नोरकेस आणि स्मार्टकेस ही दोन्ही सेटिंग लावून ठेवा. सगळं स्मॉलमध्ये शोधलं की दोन्ही प्रकार सापडतात, एक जरी कॅपिटल घातलं की तंतोतंत तेवढंच. एखाद्याच वेळी हवं असेल तर शोधशब्दातच बॅकस्लॅश आणि स्मॉल सी घाला म्हणजे केस बघत नाही, कॅपिटल सी घातला की बघतो. मात्र शब्दावर उभं राहून स्टार दाबलात तर स्मार्टकेस लागू होत नाही.

पन्हाळ्याचं_धुकं
ह्यातलं मला काय कळलं नाही पण छान लिहिलंय 🙏 मॅच केस म्हटल्यावर मी कोर्टाचं काहीतरी समजून आत आले

रिटायर्ड_मास्तर
संगणकाच्या आस्की तक्त्यात कॅपिटल ए चा आकडा ६५, स्मॉल ए चा ९७. प्रत्येक जोडीत फरक ३२, म्हणजे एकच बिट. तेवढ्यावर पूर्ण स आणि अर्धा स् ठरतो, म्हणून जुन्या फॉन्टच्या फाइलीत ती टिक हवीच. आताच्या यूनिकोड मराठीत कॅपिटल-स्मॉल नाही, तिथे सुटका.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
पत्रिकांचं पण सांगा की कोणतरी. आमच्या चुलतभावाच्या पत्रिकेत नवरीच्या नावाआधी नुसतं 'चि.' पडलेलं. छापखान्यानं 'चि.' च्या जागी 'चि. सौ. कां.' सगळीकडं बदललं. नवरदेवपण सौभाग्यकांक्षिणी. आत्तीनं पेनानं खोडून वाटल्या

कटवाला
दाजी सौ. कां. 🤣🤣 मेलो

वर्षा_गारगोटी
मास्तर, यूनिकोडमध्ये मराठीला कॅपिटल-स्मॉल नाही हे खरं, पण सुटका तिथंही नाही. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. कोणी नुक्तावाला ऱ वापरून टाइप करतं, कोणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही सारखे, शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. मी दोन्ही प्रकारे शोधते.

रिटायर्ड_मास्तर
हे माहीत नव्हते. आभार ताई.

एकटा_टेबलावर
हॉटेलच्या वेबसाइटचे फोटो घरी दिसायचे, सर्व्हरवर चढवले की गायब. कॅमेऱ्यानं फाइलच्या शेवटी जेपीजी कॅपिटलमध्ये दिलेलं, पानात लिहिलेलं स्मॉल. घरचं विंडोज दोन्ही एकच मानतं, सर्व्हर लिनक्सचा, तो मानत नाही. मग व्हीएस कोड या एडिटरमध्ये ऑल्ट-सी दाबून मॅच केस चालू केली आणि सगळ्या पानांत बदललं. मालक म्हणाले, फोटो तर तेच आहेत, पैसे कशाचे?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
डीटीपीवाले, त्या स्मरणिकेचं पुढं काय झालं?

जुना_डीटीपीवाला
तशाच वाटल्या. पाहुण्यांना मराठी वाचता येत नव्हतं. अध्यक्षांनी भाषणात मात्र 'सतार'च म्हटलं.

पन्हाळ्याचं_धुकं
इकडं पाऊस धरून बसलाय. पंचगंगा कुठवर आली कोणाला माहीत आहे का, राजाराम बंधारा? शिवाजी पुलावरनं जायचंय उद्या

उद्यमनगरी
इशारा ३९ फुटाला, त्याच्या खाली हाय अजून. धोका ४३ ला. जावा बिनधास्त, फक्त सकाळी निघा

कटवाला
गंगावेशीत उतरणार असशील तर सांग, दूध कट्ट्यावर भेटू