सोसायटीच्या कागदांवर राजमुद्रा असावी का?

पारसिक (धागालेखक)

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीचा पुनर्विकास पूर्ण होत आला आहे. नव्या प्रवेशद्वारावर, लेटरहेडवर आणि शेअर सर्टिफिकेटवर शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा घ्यावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. माझा या ठरावाला विरोध आहे आणि तो महाराजांविषयीच्या आदरापोटीच आहे.

मुद्रेवरील श्लोक आपल्या सर्वांना पाठ असतो: ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥’ प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, जगाने वंदिलेली, शहाजींचा पुत्र शिवाजी याची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा त्याचा अर्थ. यातले ‘शिवस्य एषा’, म्हणजे ‘ही शिवाजीची’, हे शब्द मला थांबवतात. ज्या काळी कागदाचा खरेपणा मोहोरेवरून ठरत असे, त्या काळी मुद्रा म्हणजे आज्ञा देणाऱ्याची सहीच होती. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी गैरवर्तन केले म्हणून त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिल्याचे १६४६ सालचे पत्र प्रसिद्ध आहे. त्यावरील मुद्रा असे सांगत होती की या निर्णयाचा कर्ता मी आहे आणि त्याची जबाबदारीही माझी आहे. पत्र संपले की खाली ‘मर्यादेयं विराजते’ अशी दुसरी, लहान मुद्रा उठवीत. मजकुराची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, हा तिचा हेतू. तीच मोर्तब. आपण रोज वापरतो तो ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द याच व्यवहारातून आलेला आहे.

आता पाणीपट्टीच्या थकबाकीची नोटीस किंवा वाहनतळाच्या वाटपाचे पत्र या मुद्रेखाली निघाले, तर आपण नकळत दुसऱ्याच्या सहीने पत्र पाठवतो. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३६ प्रमाणे नोंदणी झालेल्या प्रत्येक संस्थेला तिची सामाईक मोहोर असते. ती आपण स्वतः घडवावी, असे मला वाटते.

मासुंदा

आपला युक्तिवाद मी दोनदा वाचला आणि तरीही मी ठरावाच्या बाजूने मत देईन. चिन्हे एका व्यक्तीपाशी जन्मतात हे खरे, पण ती तिथेच राहत नाहीत. सारनाथचे सिंहशीर्ष सम्राट अशोकाने उभारलेल्या स्तंभावरचे आहे, आणि २६ जानेवारी १९५० रोजी ते एका प्रजासत्ताकाचे राजचिन्ह झाले. म्हणून आज कोणी भारत सरकार अशोकाच्या नावाने कारभार करते असे म्हणत नाही. एका राजाची खूण पुढे सर्वांची झाली.

दुसरी गोष्ट भाषेची आहे. शहाजीराजे आणि जिजाऊसाहेब यांच्या मुद्रा फारसीत होत्या, कारण दख्खनच्या दरबारांची रीतच तशी होती. अशा वेळी तरुण शिवाजीराजांच्या मुद्रेवर संस्कृत श्लोक येणे आणि पुढे त्यांच्याच आज्ञेने राज्यव्यवहारकोश, म्हणजे कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश, तयार होणे, या एकाच विचाराच्या दोन पायऱ्या आहेत. आमच्या इमारतीतील निम्म्या मुलांना हा श्लोक म्हणता येतो, परंतु त्याचा अर्थ फारच थोड्यांना ठाऊक आहे. रोज शाळेच्या बसची वाट पाहताना तो दगडावर कोरलेला दिसला, तर एखादे मूल आजोबांना विचारील. ही संधी आपण कशासाठी घालवावी?

बेलापूर खाडी

सभेत कोणी अशोकस्तंभ घेण्याची सूचना केली, तर ती तेव्हाच बाजूला ठेवावी. २००५ च्या कायद्याने राजचिन्हाच्या अनुचित वापराला मनाई आहे आणि खाजगी संस्थेला ते लेटरहेडवर छापता येत नाही. वाशीत काही गाड्यांच्या काचांवर ते चिकटवलेले दिसते, तेही गैरच आहे.

पारसिक

मासुंदा, सारनाथचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले, कारण माझे म्हणणे त्यातूनच अधिक स्पष्ट होते. त्या स्तंभावर अशोकाचा लेख आहे आणि भिक्षुसंघात फूट पाडणाऱ्यांना त्यात ताकीद दिलेली आहे. राजचिन्ह ठरवताना शिल्प घेतले, पण लेख घेतला नाही. त्याखाली मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे वचन घातले. आकृती वारशातून आली आणि शब्द मात्र नव्या प्रजासत्ताकाने स्वतः निवडले.

याहून जवळचे उदाहरण आपल्या राज्याचे आहे. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेवर हाच श्लोक आहे, पण त्यात ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ या शब्दांच्या जागी ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ असे शब्द आहेत. ज्यांनी हा बदल केला त्यांना मुद्रेचा अर्थ नेमका कळला होता, असे मी मानतो. ही मुद्रा महाराष्ट्र राज्याची आहे, म्हणून तिच्यावर नावही महाराष्ट्र राज्याचेच आले. श्लोकाचा वारसा राहिला आणि जबाबदारी ज्याची त्याच्याकडे आली. खुद्द संभाजी महाराजांनीही वडिलांची मुद्रा पुढे चालवली नाही. पिंपळपानाच्या आकाराची, ‘श्री शंभोः शिवजातस्य’ या शब्दांनी सुरू होणारी स्वतःची मुद्रा त्यांनी घडवली. जिथे पुत्रानेही वडिलांची मुद्रा वापरली नाही, तिथे आपण ती वाहनतळाच्या पत्रावर कोणत्या अधिकाराने उठवायची?

दिघा

नौदलाचे उदाहरण दोघांनाही उपयोगी पडेल. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला विक्रांत ताफ्यात दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाचा नवा ध्वज आला. जुन्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आठ बाजू म्हणजे आठ दिशा, असा त्याचा अर्थ सांगितला गेला. आत राजचिन्ह, नांगर आणि ‘शं नो वरुणः’ हे नौदलाचे स्वतःचे ब्रीद आहे. कल्याण-भिवंडीच्या खाडीत ज्यांनी आरमाराची पहिली जहाजे बांधवून घेतली, त्यांची आठवण नुसत्या आकारानेही होते.

मासुंदा

शासनाच्या मुद्रेतील बदल मला ठाऊक नव्हता आणि त्यामुळे माझ्या मताचा एक भाग बदलला, हे मोकळेपणाने सांगतो. लेटरहेड आणि शेअर सर्टिफिकेटवर राजमुद्रा नको, हे मला पटले. तेथे संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक असलेली आपली मोहोरच असावी.

प्रवेशद्वाराच्या बाबतीत मात्र मी माझ्या जागी आहे. भिंतीवर कोरलेला श्लोक कोणाला आज्ञा देत नाही की कोणाकडून थकबाकी मागत नाही, त्यामुळे त्याला सही म्हणता येणार नाही. तो तेथे आठवण म्हणून राहील. मूळ शब्द जसेच्या तसे असावेत, कारण आठवणीतले नाव बदलले तर ती आठवण त्यांची उरणार नाही. खाली मराठीत अर्थ असावा, आणि अक्षरे आठ वर्षांच्या मुलाला वाचता येतील एवढ्या उंचीवर असावीत.

पारसिक

प्रवेशद्वाराच्या बाहेरच्या कमानीवर सोसायटीचे नाव आणि आतल्या भिंतीवर अर्थासह श्लोक, अशी दुरुस्ती आपण मांडणार असाल तर मी तिला अनुमोदन देईन. श्लोकाचा पाठ कोरण्यापूर्वी संस्कृत जाणणाऱ्या दोघांकडून तपासून घ्यावा, एवढे त्यात घाला. ‘वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ मधला रफार गाळलेल्या पाट्या मी ठाण्यातच पाहिल्या आहेत, आणि दगडावरची चूक पुसता येत नाही.