पूरग्रस्तांच्या मदतीचा हिशेब कोणाकडे मागायचा?

कर्वेनगरकर:

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूर भागातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली, तेव्हा आमच्या सोसायटीने घरटी वर्गणी काढून एका संस्थेला धनादेश दिला. महिन्याभराने आभाराचे पत्र आणि सात छायाचित्रे आली. त्यांत ताडपत्र्या, बादल्या आणि सतरंज्यांचे गठ्ठे दिसत होते, पण हे सामान कोणत्या गावात आणि किती घरांत पोहोचले याबद्दल पत्रात एक ओळही नव्हती. सचिव या नात्याने मी दोनदा लेखी विचारणा केली. उत्तर आले नाही. वार्षिक सभेत सभासदांना "रक्कम पोहोचली" एवढेच सांगून मला खाली बसावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि वर्गणीचा विषय पुन्हा निघाला, तेव्हा निम्म्या सभासदांनी हात आखडता घेतला. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. संस्थेकडे हिशेब मागण्याचा आम्हाला नेमका काय अधिकार आहे, आणि सरकारी मदतीबद्दलही तसाच हिशेब मागता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ताळेबंद:

मी सार्वजनिक न्यासांचे लेखापरीक्षण करतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणीकृत न्यासाला दरवर्षी हिशेब तपासून घेऊन अहवाल धर्मादाय कार्यालयात सादर करावा लागतो. त्याची प्रत अर्ज करून मिळवता येते आणि गैरव्यवहाराचा संशय असल्यास तेथे तक्रारही करता येते. परंतु त्या अहवालात "पूरग्रस्त साहाय्य" या नावाखाली बहुधा एकच ठोक रक्कम असते. आपली सतरंजी कोणाच्या घरी गेली हे त्यावरून कळत नाही.

त्यामुळे खबरदारी घ्यायची ती धनादेश देतानाच. सोबतच्या पत्रात कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तालुक्यासाठी पैसे देत आहोत हे स्पष्ट लिहावे आणि पावतीवरही तसाच उल्लेख करून घ्यावा. मग ती रक्कम निर्धारित निधी म्हणून ताळेबंदात वेगळी दाखवावी लागते आणि खर्च न झालेली शिल्लक पुढच्या वर्षीही दिसत राहते. नोंदणी नसलेले मंडळ वर्गणी मागत असेल, तर त्याने याच १९५० च्या अधिनियमाच्या कलम ४१-क खाली वर्गणी गोळा करण्याचे प्रमाणपत्र घेतले आहे का, हे अवश्य विचारावे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५३ प्रमाणे मदतीच्या पैशाचा किंवा सामानाचा अपहार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हे कलम सरकारी नोकराइतकेच संस्थेच्या कार्यकर्त्यालाही लागू आहे.

कृष्णाकाठ:

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. हा निधी सरकारी हिशेबात येत असल्याने महालेखापालांना तो तपासता येतो आणि माहिती अधिकारात कागदही मागता येतात. मार्च २०२० मध्ये स्थापन झालेला पीएम केअर्स निधी मात्र माहिती अधिकार कायद्याखालील सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती देण्यास बांधील संस्था, नाही, अशी पंतप्रधान कार्यालयाची भूमिका आहे, आणि लोकांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या निधीबाबत ती मला मुळीच पटत नाही.

तथापि माझ्या अनुभवात खरी गफलत तिजोरीत होत नाही, ती पंचनाम्यात होते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तिघे मिळून पंचनामा करतात. पीकनुकसान ३३ टक्क्यांच्या खाली लिहिले गेले की शेतकरी मदतीतून बाहेर पडतो, आणि ते ३२ की ३४ हे चिखलात उभे राहून नजरेने ठरवायचे असते. सातबाऱ्यावर नाव नसलेला वाटेकरी तर यादीत येतच नाही. त्याने बियाणे घातलेले असते, खत घातलेले असते, अनुदान मात्र खातेदाराच्या बँकेत जमा होते. २०१९ मध्ये मोफत धान्यासाठी परिसर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असावा अशी अट आदेशात होती, आणि धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांच्या छबी लावल्या म्हणून लोक संतापले होते. छबीची चर्चा राज्यभर झाली. वाटेकऱ्याची कोणी केली नाही.

एक गोष्ट कबूल करतो. त्या पुरानंतर एका विधवा बाईंच्या घराची मागची भिंत मी "अंशतः पडझड" म्हणून लिहिली, कारण दाराकडून घर उभे दिसत होते आणि पुढची चाळीस घरे त्याच दिवशी उरकायची होती. मी मागे फिरून पाहिले नाही. चारच दिवसांनी ती भिंत आत कोसळली. माझी यादी चावडीवर लागली होती, पण बाईंना वाचता येत नव्हते आणि ती कोणी मोठ्याने वाचलीही नाही. यादी ग्रामसभेत नावानिशी वाचली गेली असती, तर शेजाऱ्यांनीच मला जागेवर अडवले असते.

उमरग्याची लेक:

कृष्णाकाठ यांचे शेवटचे वाक्य वाचून लिहावेसे वाटले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होते. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि त्यांतील काही संस्थांनी दत्तक घेऊन बांधली. नव्या वसाहतींत रस्ते रुंद आणि सरळ, पण गोठा आणि कडबा कुठे ठेवायचा हे आमच्या माणसांना कोणी विचारले नव्हते. देणगीदारांना घरांची संख्या मिळाली, त्यांच्यापुरता हिशेब पुरा झाला.

जी गावे हलवली नाहीत, तिथल्या घरदुरुस्तीच्या कामात वेगळे घडले. गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले, माझी मावशी त्यांपैकी एक. दुरुस्तीचे पैसे हप्त्यांनी येत. मावशी मारुतीच्या पारावर बायकांना जमवून कोणाचा कितवा हप्ता आला आणि कोणाचा का अडला हे वाचून दाखवी. गवंड्याने कोपऱ्यात सळया घातल्या की नाही, हे बायका गिलावा होण्याआधी जाऊन मोजून येत. हिशेब मागणाऱ्या त्या देणगीदार नव्हत्या आणि अधिकारीही नव्हत्या. ज्यांना त्या घरात झोपायचे होते, त्या होत्या. म्हणून माझे म्हणणे असे की आपल्या सोसायटीने पुण्यात अहवाल मागण्याबरोबरच, वाटपाची यादी त्या गावातच वाचली जावी, अशी अट घालावी.

कर्वेनगरकर:

सर्वांचे मनापासून आभार. मी आजवर हिशेब सोसायटीला मिळाला नाही एवढ्याच बाजूने विचार करत होतो. तो गावालाही मिळालेला नसणार, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. एक शंका मात्र उरते. मदत घेणाऱ्याचे नाव चारचौघांत वाचल्याने त्याला कमीपणा वाटत नाही का?

उमरग्याची लेक:

काहींना वाटतो, विशेषतः कधी कोणापुढे हात न पसरलेल्या घरांना. मावशी अशा घरी आदल्या दिवशी जाऊन विचारून येई. पारावर तेवढे नाव न घेता ती "वरच्या आळीतील एक घर" असे म्हणे आणि रक्कम तेवढी वाचे. कोणते घर ते सगळ्यांना ठाऊक असे, तरी कोणी नाव उच्चारत नसे, आणि बेरीज मात्र चुकत नसे.